रिकामं सुटलेलं घर

छापखान्यात त्याला सगळे शंकासुर म्हणत. नाव ठेवलं होतं वाचकबाईंनी, तो कामाला लागल्यावर तिसऱ्याच आठवड्यात. त्या दिवशी त्याने एकाच पानाचा छापा सात वेळा काढून त्यांच्यापुढे ठेवला होता आणि सातही वेळा विचारलं होतं, "बाई, नक्की बरोबर आहे ना?" सातव्या पानावरून बोट उचलत बाई म्हणाल्या, "अहो शंकासुर, पान बरोबर आहे. आता माझं डोकं ठिकाणावर आहे का, तेही एकदा विचारून घ्या." सगळे हसले. तोही हसला. नाव चिकटलं ते चिकटलंच.

नावात खोटं काही नव्हतं. घरातून निघताना गॅसचं बटण तीनदा बघायचं, कुलूप ओढून बघायचं, जिना उतरून पुन्हा वर जाऊन ओढायचं, असा त्याचा स्वभाव. त्याची बायको पाहुण्यांना हसत सांगायची, "आयुष्यात एकदाच यांनी न तपासता काम उरकलं, ते म्हणजे माझ्याशी लग्न." प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाला असा स्वभाव शोभतो. म्हणून तर छापखान्याने त्याला चोवीस वर्षं सांभाळलं.

छापखाना ब्रेलचा होता. तिथे शाई नव्हती, ठिपके होते. यंत्र जाड कागदावर टाचणीच्या डोक्याएवढे उंचवटे उठवायचं. सहा ठिपक्यांचं एक घर, एका घरात साधारण एक अक्षर, दोन शब्दांच्या मध्ये एक घर रिकामं. ज्यांना दिसत नाही ती माणसं त्यावरून बोट फिरवून वाचायची. शाळेची पुस्तकं, गोष्टीची पुस्तकं, बसची वेळापत्रकं आणि अलीकडे मोठ्या इस्पितळातून घरी जाणाऱ्या रुग्णांसाठी औषधांच्या सूचनांचे कागद, असं सगळं तिथून निघायचं. तळमजल्यावर यंत्रं धडधडत असायची. वर तीन खोल्या होत्या: कोपऱ्यातली संचालकांची, जिन्यालगतची त्याची, आणि मधली वाचकबाईंची.

बाईंना जन्मापासून दिसत नव्हतं. पहिल्या छाप्यातलं पान न पान त्यांच्या बोटाखालून गेल्याशिवाय पुस्तक बाहेर पडत नसे. डाव्या हाताने ओळ धरायच्या, उजव्याने वाचायच्या. चूक लागली की त्या जागी मेणाचा एक कण चिकटवून पुढे जायच्या. त्यांच्या टेबलावर दिवा नव्हता, आणि हिवाळ्यात संध्याकाळी पाच वाजता त्यांच्या अंधाऱ्या खोलीत डोकावणाऱ्या नव्या माणसाला बाई घरी गेल्या असंच वाटायचं. मग आतून आवाज यायचा, "आहे मी. बोला."

त्याच्याही आधी छापखान्यात एक जुने इंजिनिअर होते. साधा मजकूर ब्रेलमध्ये कसा उतरवायचा, याचे नियम शेकड्यांनी असतात: आकड्याआधी कोणती खूण, कोणता जोडशब्द आखडता घ्यायचा, कंस कुठे. हे नियम बाईंनी सांगितले आणि जुन्या इंजिनिअरांनी लिहिले. दीड वर्ष दोघं शेजारी बसून होते. त्यातून तयार झाली ती लायब्ररी. पुस्तकांची नव्हे. प्रोग्रॅम लिहिणारे लायब्ररी म्हणतात ती दुसऱ्याने करून ठेवलेल्या तयार कामाला. आपल्या प्रोग्रॅमला ती जोडायची, मजकूर तिच्या हातात द्यायचा, ब्रेल होऊन परत येतो. आत काय चालतं ते आपण बघायचं नाही. पुढे जुने इंजिनिअर परगावी गेले आणि दोन वर्षांत वारले. त्यांचं यंत्र भंगारात गेलं आणि त्याच्यासोबत लायब्ररीचं मूळ लिखाणही. उरली फक्त तयार फाईल. ती चालत होती, पण उघडून वाचता येत नव्हती. शंकासुराने तिला कधी हात लावला नाही. लावायचं कारणही पडलं नाही.

कारण पडलं ते यंत्रामुळे. तळमजल्यावरचं ठिपके उठवणारं मोठं यंत्र म्हातारं झालं, नवं आणलं, आणि नवं यंत्र जुन्या प्रोग्रॅमशी बोलेना. कुठलाही प्रोग्रॅम हवेत चालत नाही, त्याच्या पायाखाली एक रनटाइम असतो. फाईल उघडायची, अक्षर ओळखायचं, असली सगळी कामं प्रोग्रॅमने त्याच्याकडे मागायची. छापखान्यातला रनटाइम जुन्या इंजिनिअरांच्या काळातला होता. नवं यंत्र नव्याच रनटाइमवर हलणार होतं. म्हणजे प्रोग्रॅम नव्याने लिहिणं आलं.

संचालकांच्या खोलीत बैठक झाली. संचालक मनाचे बरे, पण घाईचे.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"प्रोग्रॅमला दोन महिने," तो म्हणाला. "ब्रेलच्या नियमांची लायब्ररी जुनी आहे, तिचं बघावं लागेल."

बाई म्हणाल्या, "बघायचं काय त्यात? नव्याने लिहून घ्या. मला नियम पाठ आहेत. मी सांगते, तुम्ही लिहा. सहा-सात महिने धरा. मला निवृत्तीला दोन वर्षं आहेत, तेवढ्यात होऊन जाईल."

"सात महिने?" संचालकांच्या कपाळाला आठी पडली. "नवं यंत्र तोवर नुसतं धूळ खात ठेवायचं?"

आता इथे त्याने 'हो' म्हणायला हवं होतं. तो नंतर किती वेळा या बैठकीत परत जाऊन बसला, याला गणती नाही. पण त्या दिवसांत त्याचे वडील हृदयाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळून त्याच्याकडे राहायला आले होते. साडेपाचच्या ठोक्याला घर गाठावं लागायचं. आणि दुसरं एक कारण होतं, ते त्याने पुढे कितीतरी दिवस स्वतःलाही सांगितलं नाही. चोवीस वर्षं ब्रेलच्या छापखान्यात काढूनही त्याला बोटाने ब्रेल वाचता येत नव्हतं. बाईंच्या शेजारी सात महिने बसायचं म्हणजे विद्यार्थी होऊन बसायचं, आणि जुने इंजिनिअर कसे चटकन शिकले होते ते रोज ऐकायचं.

"गरज नाही पडणार, साहेब," तो म्हणाला. "नवा रनटाइम जुन्या लायब्रऱ्या चालवून घेतो. तशी सोय आहे त्यात. चांगलं चाललेलं उगीच कशाला उसवायचं?"

बाई पांढरी काठी उघडून खोलीत निघून गेल्या.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याने नव्या प्रोग्रॅमला जुनी लायब्ररी जोडली आणि ती मुकाट्याने जोडली गेली. फक्त स्क्रीनवर एक पिवळी ओळ आली. तिचा अर्थ इतकाच होता की ही लायब्ररी जुन्या रनटाइमसाठी बनलेली आहे, इथे ती सगळीकडे नीट चालेलच असं नाही. त्याने ओळ तीनदा वाचली. प्रोग्रॅम चालवून पाहिला. ब्रेल नीट येत होतं. पण ती ओळ दर वेळी यायची, आणि संचालकांना जाता-येता त्याच्या स्क्रीनमध्ये डोकावायची सवय होती. "हे पिवळं काय?" असं त्यांनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायच्या आत त्याने प्रोग्रॅमच्या मांडणीत एक सूचना लिहिली: हा इशारा दाखवू नये. पिवळं गेलं. स्क्रीन कशी स्वच्छ झाली.

चाचणीही केली त्याने. जुन्या प्रोग्रॅमची एकशे वीस पानं घेतली, तीच नव्यातून काढली आणि ठिपक्याला ठिपका लावून पाहिला. एकाही ठिपक्याचा फरक नाही. पानं सगळी गोष्टींच्या पुस्तकांतली होती. ते कपाट त्याच्या दाराशीच होतं. गणित आणि भूगोल वरच्या माळ्यावर, तिथे शिडी लावून चढावं लागायचं, आणि त्या दिवशी शिडी खाली यंत्राजवळ होती. अहवालात त्याने लिहिलं, 'जुना आणि नवा छापा तंतोतंत एक.'

नवं यंत्र सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात बाईंनी त्याला बोलावलं. पुढ्यात हवामानावरची शाळेची पुस्तिका होती.

"इथे बोट लावा," त्या म्हणाल्या. "इथे दोन घरं रिकामी लागतात मला. एकच हवं. खाली परत तेच. आणि इथे."

त्याने बोट लावलं. त्याला खडबडीत कागदापलीकडे काही कळलं नाही. खोलीत जाऊन त्याने ते पान स्क्रीनवर उघडलं. स्क्रीनवर मूळ मजकूर दिसायचा, आणि तो जसाच्या तसा होता. तो परत आला. "बाई, माझ्याकडे तर सगळं बरोबर दिसतंय. यंत्र नवं आहे. दाब बसायला वेळ लागेल."

"दाब कमी असला की ठिपका हलका लागतो हो," बाई म्हणाल्या. "इथे ठिपकाच नाही."

"बघतो," तो म्हणाला.

बघितलं नाही. बाईंना मूळ मजकूर दिसत नव्हता, त्याला ठिपके वाचता येत नव्हते. दोघांनी दोन मिनिटं शेजारी बसून ती एक ओळ मिळून वाचली असती, तर गोष्ट तिथेच संपली असती.

महिनाभराने संचालकांनी त्याच्या अहवालाचा आधार घेऊन ठरवलं की छापा इतका बिनचूक येत असेल तर पान न पान वाचायची गरज नाही, दहांतलं एक पान पुरे, आणि तेवढं काम अर्धवेळ कुणीही करेल. वाचकबाईंना खाली फाटकाजवळ टेलिफोनवर बसवलं. पगार तोच, वेळ तीच. बाईंनी त्यांचं मेणाचं डबडं उचललं, जिना उतरल्या आणि फोन घेऊ लागल्या. तो जिन्यालगतच्या खोलीतून ते सगळं ऐकत होता. आपल्या अहवालातल्या एका ओळीने हे झालं, हे त्याला कळत होतं. पण मूग गिळून बसला. मनाला त्याने सांगितलं, बाईंचं वय झालंय, बोटांना आराम मिळेल.

आठ महिने गेले.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास खालून बाईंचा फोन आला. "खाली या. आत्ता या."

फाटकाजवळच्या खोलीत चाळिशीची एक स्त्री उभी होती. बाईंच्या पुढ्यात एक ब्रेलचा कागद होता, आणि त्यांचं बोट एका जागी थांबलेलं होतं.

"या बाईंचे वडील पियानो सुरात लावायचं काम करायचे," बाई म्हणाल्या. "त्यांना दिसत नाही. एकटे राहतात. दोन महिन्यांपूर्वी इस्पितळातून हा कागद घेऊन घरी गेले. मी वाचते. 'सकाळी नाश्त्यानंतर', मग तीन घरं रिकामी, मग 'गोळी'."

त्या स्त्रीने पर्समधून दुसरा कागद काढून त्याच्यापुढे धरला. तो शाईचा होता, इस्पितळानेच दिलेला. त्यावर छापलं होतं: सकाळी नाश्त्यानंतर ½ गोळी.

"अर्धी," ती म्हणाली. "अर्धी होती. बाबांनी पूर्ण घेतली. अकरा दिवस. नाडी इतकी मंदावली की न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. उजवं मनगट तीन ठिकाणी मोडलंय. डॉक्टर म्हणतात गोळी चुकीची घेतली, बाबा म्हणतात कागदावर होती तेवढीच घेतली. मी आधी बाबांनाच रागावले हो! म्हटलं, वय झालं, विसरता तुम्ही. मग काल शाईचा कागद कपाटात सापडला." तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "हे कुणी केलं, तेवढं सांगा मला."

बाईंनी मान त्याच्या दिशेने वळवली.

"आम्ही चौकशी करतो," तो म्हणाला.

चौकशी! पुढे अनेक दिवस हा शब्द त्याच्या कानात वाजत राहिला. 'मी केलं' हे दोन शब्द त्या खोलीत बोलायला हवे होते.

वर जाऊन त्याने इशारा लपवणारी आपलीच सूचना पुसली. पिवळी ओळ लगेच परत आली. मग दुपारपर्यंत सगळं उलगडलं. जुन्या लायब्ररीचे नियम एका फाईलमध्ये होते, आणि ती उघडताना लायब्ररी रनटाइमला विचारायची, इथे अक्षरं कोणत्या सारणीने, म्हणजे कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर धरून, वाचायची? जुना रनटाइम त्याची जुनी सारणी द्यायचा. नवा तितक्याच विश्वासाने नवी सारणी द्यायचा. साधी अक्षरं, आकडे, पूर्णविराम यांच्या जागा दोन्हींत एकच, म्हणून गोष्टींची पुस्तकं बिनचूक निघाली. पण मूठभर खुणांच्या जागा वेगळ्या होत्या: अर्धा, पाव, पाऊण, तापमानाचा अंश, गुणाकार, भागाकार. त्या लायब्ररीला ओळखता येईनात. आणि ओळखता न आलेल्या खुणेचं काय करायचं, हेही जुन्या इंजिनिअरांनी कधीकाळी ठरवून ठेवलेलं होतं: तिथे घर रिकामं सोडावं, पान अडू नये, बाई आहेतच, त्या बोटाने पकडतील.

रनटाइम चुकला नव्हता, लायब्ररीही चुकली नव्हती. त्या दोघांची गाठ घालून देणारा तो होता, आणि बाईंना खाली पाठवणारा अहवालही त्याचाच होता.

त्याने यंत्र थांबवलं आणि संचालकांना जाऊन सांगितलं, पिवळ्या ओळीसकट. "वाचन बंद केलं ते मी," ते म्हणाले. "सही माझी आहे. पण तुम्ही तर शंकासुर ना हो? तुमच्या शब्दावर मी डोळे मिटून सही केली."

त्या संध्याकाळी बायको स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वडिलांच्या आठवड्याच्या गोळ्या डबीत भरत होती. एक पांढरी गोळी तिने फळीवर ठेवली, पात्याने बरोबर मध्यावर कापली, अर्धी सोमवारच्या खणात टाकली, अर्धी मंगळवारच्या. तो बघत उभा राहिला. मग त्याने तिला सगळं सांगितलं.

"किती दिवस घेतली त्यांनी पूर्ण?" तिने विचारलं.

"अकरा."

तिने पातं खाली ठेवलं. "अहो, तुम्ही गॅस तीनदा बघता," ती हळूच म्हणाली, आणि उरलेल्या गोळ्या कापू लागली. आतून वडिलांनी हाक मारली. पाणी हवं होतं त्यांना. तो पाणी घेऊन गेला.

शनिवारी तो पियानोवाल्या आजोबांकडे गेला. दुसऱ्या मजल्यावरची एक मोठी खोली होती. मध्ये काळा पियानो, झाकण उघडं. भिंतीला लागून हत्यारांची जाड कापडाची गुंडाळी, तिची दोरी बांधलेली. आजोबा खुर्चीत बसले होते, उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये. लेक दार उघडून आत निघून गेली. 'बसा' म्हणाली नाही.

"मी छापखान्यातून आलोय," तो म्हणाला. "प्रोग्रॅम मी लिहितो. चूक माझी आहे. कागदाची नाही, यंत्राची नाही. माझी."

आजोबांनी चेहरा वर केला. "असं होय," ते म्हणाले. "बसा. पियानोवर नका बसू, उजवीकडे स्टूल आहे." मग म्हणाले, "मी पान दोनदा वाचलं होतं, बरं का. तीन घरं रिकामी लागली मला. म्हटलं, इस्पितळवाले मोकळं ढाकळं छापतात." आणि ते चक्क हसले. "ठिपके खोटं बोलत नाहीत, असा माझा साठ वर्षांचा समज."

त्याला रडू आलं. आजोबांना आवाजावरून ते कळलं असावं. "पाणी घ्या," ते म्हणाले, "पाण्याचा जग तिथे खिडकीत असेल."

प्लॅस्टर निघालं तेव्हा कळलं की मनगटातली एक शीर दबली आहे. तर्जनी आणि मधलं बोट बधिर झाली. तारा ताणायची किल्ली धरता येईना, ते एक. पण वाचायचं बोटही तेच होतं. साठ-पासष्ट वर्षं ज्या बोटाने वाचलं, त्या बोटाला आता कागद नुसता गुळगुळीत लागत होता.

तो दर शनिवारी जायचा. फळं न्यायचा, खिडकीची कडी बसवून द्यायचा, वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. पाचव्या शनिवारी आजोबांनी त्याला मध्येच थांबवलं.

"एक सांगू? राग मानू नका. तुम्ही येऊ नका आता."

"माझं काही चुकलं का?"

"तसं नाही हो. तुम्ही आलात की तुमचा श्वास ऐकू येतो मला. जड असतो. मग मी दोन विनोद करतो, माझं बोट बरं होतंय असं सांगतो. ते होत नाहीये. तुम्ही गेल्यावर मी थकून पडतो. माझं दुखणं मी निभावेन, पण तुमचंही मन सांभाळायचं म्हणजे फार होतं हो मला."

त्याने वर्तमानपत्राची घडी केली आणि उठला. जिन्यात आजोबांची लेक भाजीची पिशवी घेऊन वर येत होती. तिने भिंतीला टेकून त्याला वाट दिली, त्याच्याकडे न बघता.

त्यानंतर तो फाटकाजवळच्या खोलीत गेला. बाई फोनवर कुणाला तरी बसचं वेळापत्रक सांगत होत्या. फोन ठेवेपर्यंत तो उभा राहिला.

"बाई, नियम नव्याने लिहायचेत. तुम्ही सांगाल का?"

"मीच म्हटलं होतं तसं," बाई म्हणाल्या. "तेव्हा मला दोन वर्षं होती. आता एकच राहिलं."

"हो."

"तुमच्यासाठी नाही सांगणार. वाचणाऱ्यांसाठी सांगेन. रोज दोन ते पाच. आणि एक अट आहे. प्रत्येक नियम आधी बोटाने वाचून दाखवायचा, मग लिहायचा."

पंचेचाळिशी केव्हाच ओलांडलेल्या त्या माणसाने डोळ्यांवर रुमाल बांधून पहिलं अक्षर वाचायला घेतलं. आठवडाभर त्याला ठिपके मोजताच येईनात, बोटाचं टोक सुजल्यासारखं व्हायचं. बाई शांतपणे 'परत' म्हणायच्या. बाईंनी ओरडावं, टोमणा मारावा, असं त्याला फार वाटायचं. त्या फक्त काम करायच्या. शंकासुर म्हणणं त्यांनी सोडलं होतं. त्या आता त्याला 'साहेब' म्हणत, इतर सगळ्यांना म्हणत तसं.

एकदाच, भागाकाराच्या खुणेपाशी, त्या आपणहून बोलल्या. "साहेब, ती हवामानाची पुस्तिका आठवते? मी तुम्हाला पुन्हा बोलवायला हवं होतं. एकदाच सांगून गप्प बसले. म्हटलं, मोठा शहाणा झालाय, बघू दे त्याचं त्याला. रागच होता तो. ते आजोबा पडले त्यात माझाही वाटा आहे." तो 'नाही' म्हणायला गेला तर म्हणाल्या, "नका. पुढचा नियम घ्या."

आठ महिन्यांत लायब्ररी उभी राहिली. नव्या रनटाइमची, मूळ लिखाणासकट, आणि अनोळखी खूण आली तर घर रिकामं न सोडता यंत्र थांबवणारी. संचालकांनी बाईंना मधली खोली परत देऊ केली. "नको," बाई म्हणाल्या, "खाली माणसं बोलतात तरी माझ्याशी." उरलेले महिने त्या टेलिफोनवरच राहिल्या. निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांशी हात मिळवले, त्याच्याशीही मिळवला. त्याच्या तर्जनीवर आता वाचणाऱ्यांच्या बोटाला येतो तसा थोडा गुळगुळीतपणा आला होता. तो त्यांना जाणवला की नाही, त्याला कळलं नाही.

मधल्या खोलीत आता दोन वाचक बसतात. पान न पान वाचलं जातं.

चुकीच्या छाप्याची परत मागवायची यादी त्याने स्वतः केली होती. नवं यंत्र सुरू झाल्यापासून ते थांबवेपर्यंत एकेचाळीस पुस्तकं आणि पुस्तिका बिघडलेल्या निघाल्या, त्यांच्या सहाशे बारा प्रती, आणि इस्पितळाचे कागद वेगळे. इस्पितळाने प्रत्येक रुग्णाला फोन केला. पुस्तकांसाठी छापखान्याने प्रत्येकाला ब्रेलमध्ये पत्र पाठवलं, दोनदा. शाळांनी गठ्ठे बांधून पाठवले, कुणी स्वतः आणून दिली. पाचशे चौऱ्याहत्तर आल्या. बाकीच्या अडतीसांचा पत्ता लागला नाही. कुणी घर बदललं होतं, कुणी प्रत दुसऱ्याला दिली होती, कुणाला आठवतच नव्हतं.

ती यादी त्याच्या खोलीत खिडकीशेजारी लावलेली आहे. सोमवारी आल्याआल्या तो त्यातले दोन-तीन नंबर फिरवतो. बहुतेक फोन लागत नाहीत. लागला तर तो आधी आपलं खरं नाव सांगतो, मग काम काय करतो ते, मग विचारतो की पाककृतींचं, किंवा गणिताचं, किंवा शिवणकामाचं एक पुस्तक तुमच्याकडे आहे का, आणि असलं तर कृपा करून ते वाचू नका.